सनरूफची काच फुटली तर? छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, भर दुपारी, खंबाटकी घाट उतरताना माझ्या गाडीच्या सनरूफची काच फुटली. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाची काच गेली की फोन मला येतो. पंच ईव्ही, नेक्सॉन ईव्ही, एक्सयूव्ही 400 अशा गाड्यांच्या मालकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. टियागो ईव्ही किंवा कॉमेटवाल्यांना सनरूफच नाही, त्यांनी फार तर प्रश्न 16 वाचावा.

1. सनरूफवर बारीक चीर दिसतेय. पुढच्या काचेसारखी ती भरून मिळते का?

बहुतेक वेळा नाही. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मधे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. तिला खडा लागला तर वरच्या थरातली खाच रेझिनने भरता येते. छोट्या गाड्यांच्या उघडणाऱ्या सनरूफला बहुधा टफन्ड काच असते. ही काच 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटक्यात थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि पोटात ताण साठतो. खाच त्या ताणापर्यंत पोचली की अख्खी काच एकदम चुरा होते. टफन्ड काचेत अर्धी चीर टिकून राहणं जवळपास अशक्यच. तरीही ‘चीर’ दिसत असेल तर तो खोल ओरखडा असेल, नाहीतर तुमची काच लॅमिनेटेड असेल. ओरखडा नखाला लागत असेल तर त्यावर कुणाला रेझिन भरू देऊ नका. पैसे जातील आणि काचही जाईल.

2. काच कुठल्या प्रकारची आहे हे कसं ओळखायचं?

काचेच्या कोपऱ्यात छाप असतो. तिथे आयएसआयची खूण, आयएस 2553 हा मानकाचा आकडा, काच बनवणाऱ्याचं नाव आणि बऱ्याचदा ‘टफन्ड’, ‘टेम्पर्ड’ किंवा ‘लॅमिनेटेड’ असा शब्द सापडतो. काही गाड्यांत छाप रबराच्या बीडिंगखाली अर्धा लपतो, म्हणून सनरूफ थोडं उघडून बघा. फुटल्यावर तर विचारायलाच नको. साबुदाण्याएवढे तुकडे झाले तर टफन्ड, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जाऊन काच जागेवरच राहिली तर लॅमिनेटेड.

3. चालत्या गाडीत काच फुटली. पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

आवाज बंदुकीच्या बारासारखा येतो. दचकून ब्रेक मारू नका. डावीकडे या, पार्किंग लाइट लावा, गाडी उभी करा. आतला पडदा बंद असेल तर तो बंदच राहू द्या, सगळा चुरा त्याने झेललेला असतो. उघडलात की तो डोक्यावर आलाच.

सनरूफचं बटण दाबू नका. तुकडे रुळांत अडकले की मोटर आणि सरकणारी यंत्रणाही जाते, मग नुसत्या काचेवर भागत नाही. काही गाड्यांत किल्लीवरचं लॉकचं बटण दाबून धरलं की खिडक्यांबरोबर सनरूफही हलतं, तेही टाळा. आवाजी हुकुमावर उघडणारं सनरूफ असेल आणि मागे पोरं बसली असतील तर त्यांनाही तंबी द्या. एसीचा पंखा बंद करा, नाहीतर बारीक कण जाळ्यांतून आत ओढले जातात.

त्यानंतर फोटो. आकाश दिसेल असा आतून एक, छपराचा बाहेरून एक, नंबर प्लेटसकट अख्ख्या गाडीचा एक, आजूबाजूच्या रस्त्याचा एक, शिवाय डॅशबोर्डवरच्या किलोमीटरचा. खडा, फांदी, नारळ, जे काही सापडेल ते उचलून ठेवा. प्रश्न 9 आणि 10 मधली सगळी भांडणं या फोटोंवर सुटतात किंवा अडकतात.

4. पाऊस तोंडावर आहे आणि वर्कशॉपची तारीख आठ दिवसांनंतरची. झाकायचं कशाने?

जाड प्लॅस्टिक, म्हणजे रोपवाटिकेत किंवा रंगकामाला वापरतात तसं, भोकापेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठं घ्या. आधी कडेचे लोंबते तुकडे जाड हातमोजे घालून काढा, छप्पर पुसून कोरडं करा. चिकटपट्टी रंगाऱ्यांची निळी किंवा पिवळी. खाकी टेप आणि डक्ट टेप उन्हात दोन दिवस राहिले की रंगावर डिंक सोडतात आणि मग पॉलिशचं नवं बिल येतं. पुढची कड आधी चिकटवा आणि तिच्यावर दुहेरी पट्टी मारा, कारण वारा तिथूनच आत शिरतो.

गाडीचं कव्हर घालून पाऊस अडत नाही. बहुतेक कव्हरं झिरपतात आणि आत दमटपणा कोंडतो. शक्यतो गाडी छपराखाली ठेवा, शेजाऱ्याच्या पार्किंगसाठी चार गोड शब्द बोलायला लागले तरी बोला. उघड्यावरच ठेवायची वेळ आली तर तोंड किंचित उताराकडे करा, म्हणजे पाणी प्लॅस्टिकवर साचणार नाही.

5. प्लॅस्टिक लावून गाडी चालवली तर चालेल का?

घरापासून वर्कशॉपपर्यंत, शहरात, 40 च्या आत, काचा बंद ठेवून, हो. हायवेवर नाही. गाडी वेगात असते तेव्हा छपरावरच्या हवेचा दाब कमी होतो आणि प्लॅस्टिक वर खेचलं जातं. ते सुटून मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर बसलं तर काय, एवढाच विचार करा. लांब असाल तर फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर न्या. इलेक्ट्रिक गाडी चाकं जमिनीवर टेकवून ओढायची नसते, चाकांबरोबर मोटर फिरते. तुमच्या पॉलिसीत किंवा कंपनीच्या रोडसाइड सेवेत फ्लॅटबेड बहुधा असतोच.

6. आत पाणी गेलं. बॅटरीला धोका आहे का? चार्जिंगला लावू का?

सगळ्यात जास्त फोन याचेच येतात आणि बहुतेकांची भीती चुकीच्या जागी असते.

मोठी बॅटरी गाडीच्या तळाखाली, सीलबंद पेटीत असते. या पेट्यांना सहसा आयपी 67 दर्जा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाल्या तरी पाणी आत जाऊ नये. छपरातून आलेलं पाणी तिच्यापर्यंत जातच नाही. ते मुरतं गालिच्याखालच्या फोममध्ये. तिथे पुढच्या सीटखाली एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे पिवळे कनेक्टर असतात, वायरिंगच्या जुड्या असतात, काही गाड्यांत कंट्रोल युनिटही. वरून बघितलं तर गालिचा कोरडा लागतो आणि खाली फोम ओलाच्या ओला. महिनाभराने एअरबॅगचा दिवा लागतो, कुबट वास येतो, खिडकी मनानेच खाली जाते. तोवर काचेचा विषय सगळे विसरलेले असतात.

म्हणून गालिचा दाबून बघा. बोटांना पाणी लागलं तर वर्कशॉपला ‘सीट काढून गालिचा उचला, फोम वाळवा’ असं लेखी सांगा. घरी हेअर ड्रायर फिरवून हे होत नाही. सीट स्वतः काढायच्या भानगडीतही पडू नका, एअरबॅगचे कनेक्टर सोडणं हे घरचं काम नव्हे. नारिंगी आवरणाच्या वायरी दिसल्या तर हात लावू नका, त्या उच्च दाबाच्या असतात.

चार्जिंगचं म्हणाल तर सीटवर चार थेंब उडाले आहेत, चार्जिंगचं तोंड कोरडं आहे आणि डॅशबोर्डवर कुठलाही इशारा नाही, तर लावा. फोम भिजला असेल किंवा इशारा दिसत असेल तर वर्कशॉपने बघेपर्यंत लावू नका. चार्जिंगच्या वेळी गाडीतली 12 व्होल्टची यंत्रणाही जागी असते आणि ओल्या कनेक्टरमधून वीज वाहत राहिली की त्याच्या पिना गंजतात.

7. कशाचाही धक्का नसताना काच आपोआप फुटू शकते?

फुटू शकते. टफन्ड काचेत कधी कधी निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा कण राहून जातो. तो वर्षानुवर्षं हळूहळू फुगतो आणि एखाद्या दिवशी ताण सोडवतो. पण माझ्या पाहण्यात जास्त काचा जातात त्या जुन्या दुखण्याने. कडेला बसलेला खडा, घट्ट आवळलेला स्क्रू, रुळात अडकलेली वाळू. मार आज लागतो, काच आठवड्याने फुटते.

‘तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं म्हणून फुटली’ हे निम्मंच खरं. धड टफन्ड काच साधारण 200 अंशांचा फरक सोसते, नागपूरच्या मे महिन्यालाही ती भीक घालत नाही. आधीच खाच असेल तर मात्र तेवढं निमित्त पुरतं.

8. विमा मिळतो का? माझ्याकडे झिरो डेप (जुनेपणाची कपात टाळणारं जादा कव्हर) नाही.

फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर नाही. ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचं कव्हर असेल तर मिळतो आणि इथे एक सुखद धक्का आहे. काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, शून्य धरतात, झिरो डेप असो वा नसो. पण बिलात नुसती काच नसते. रबराची बीडिंग आणि प्लॅस्टिकच्या क्लिपांवर 50 टक्के घसारा. धातूच्या चौकटीवर गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे दुसऱ्या वर्षात 10 टक्के, पाचव्या वर्षात 35 टक्के. चिकटवायचा गोंद आणि बारीकसारीक सामान ‘कन्झ्युमेबल्स’चं कव्हर नसेल तर तुमच्या खिशातून. शिवाय सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला तुम्ही स्वतः भरायची रक्कम, ती पॉलिसीवर लिहिलेली असते, साधारण 1000 किंवा 2000 रुपये.

एस्टिमेट घेताना काच, बीडिंग, चौकट, मजुरी असं वेगवेगळं लिहून मागा. ‘सनरूफ असेंब्ली’ असा एकच आकडा टाकला की घसारा कशावर किती, हा घोळ सुरू होतो.

9. विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर म्हणतो, ‘आपोआप फुटली म्हणजे अपघात नाही, क्लेम बसत नाही.’ आता काय?

हे माझ्याच बाबतीत झालं. पॉलिसीत बाहेरच्या कारणाने झालेला अपघात येतो, झीज आणि बिघाड येत नाही. मी फोनवर भोळेपणाने ‘काही लागलं नाही, आपोआप फुटली’ म्हणालो आणि तेच वाक्य क्लेमच्या कागदावर उतरलं. खरं तर मला माहीत नव्हतं. पुढे डंपर होता, त्यातून खडी उडत होती, हे मला फोटो बघताना आठवलं. बॉनेटवर दोन ताजे टवकेही होते. ते दाखवल्यावर क्लेम मंजूर झाला, पण पाच आठवडे गेले.

खोटं बोला असं मी सांगत नाही. जे पाहिलं तेवढंच सांगा, कारणाचं निदान स्वतः करू नका. ‘आवाज आला, काच फुटली, पुढे खडीचा डंपर होता’ हे निरीक्षण झालं. ‘आपोआप’ हा निष्कर्ष आहे आणि तो तुमच्या विरुद्ध वापरला जातो.

नकार आलाच तर लेखी, पॉलिसीच्या कलमासकट मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, त्यानंतर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर आणि शेवटी विमा लोकपालांकडे. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, वकील लागत नाही, फी नाही.

10. काच विम्यात आली, पण आत गेलेल्या पाण्याचं नुकसान देत नाहीत. हे बरोबर आहे का?

कधी कधी, हो. पॉलिसीतून ‘परिणामी नुकसान’ वगळलेलं असतं, आणि पहिल्या नुकसानानंतर गाडीची वाजवी काळजी घेणं ही मालकाची जबाबदारी धरली जाते. काच सोमवारी फुटली, गाडी चार दिवस उघडी राहिली, गुरुवारी पाऊस आला, तर सीटचे पैसे मागणं अवघड. पण त्याच वादळात फांदी पडली आणि त्याच तासात पाणी आत गेलं, तर ते एकाच घटनेचं नुकसान आहे आणि तसं भांडता येतं. प्लॅस्टिक लावल्यावरचा तारीख-वेळ दिसणारा फोटो इथे सोन्याच्या मोलाचा. सर्व्हेअर यायच्या आधी झाकलं तर पुरावा जाईल, अशी भीती काहींना वाटते. आधी फोटो, मग प्लॅस्टिक. पुरावा जात नाही.

11. क्लेम केला तर एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल. खिशातून भरणं परवडेल का?

गणित करा. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता 12,000 आहे आणि सध्या 35 टक्के सूट मिळते. क्लेम केला नाही तर पुढची वर्षं 45, मग कायम 50. केला तर 0, 20, 25, 35, 45 आणि मग 50. दोन्हींतला फरक पाच वर्षांत मिळून 120 टक्के होतो, म्हणजे 14,400 रुपये. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमीच. प्रश्न 8 मधली कपात जाऊन हाती येणारी रक्कम याहून बरीच मोठी असेल तर क्लेम करा. ‘एनसीबी प्रोटेक्ट’ घेतलेलं असेल तर प्रश्नच नाही, फक्त वर्षात किती क्लेम चालतात ते वाचा.

12. गाडी वॉरंटीत आहे. काच फुकट बदलून देतील?

बाहेरून मार लागल्याची खूण असेल तर नाही. खूण नसेल आणि गाडी नवी असेल तर मागणी करून बघा, लेखी. बॅटरीची 8 वर्षांची वॉरंटी दाखवून काच मागणारे मला भेटले आहेत. त्या दोन वेगळ्या वॉरंट्या आहेत.

13. नारळ पडला, माकडाने उडी मारली, वरच्या मजल्यावरून कुंडी पडली. तिन्हींना विमा आहे का?

तिन्ही बाहेरची कारणं आहेत, ओन डॅमेजमध्ये बसतात. गारपीट आणि वादळ तर पॉलिसीत नावानिशी असतं. कुंडीच्या बाबतीत आणखी एक वाट उरते, ती म्हणजे शेजाऱ्याकडून भरपाई. पण एकाच नुकसानाचे पैसे दोघांकडून घेता येत नाहीत. मी तरी विम्यातून घेऊन फक्त वजावट शेजाऱ्याकडून मागितली असती. त्याच जिन्यात रोज भेटायचं असतं. कोकणातल्या मंडळींना एवढंच सांगणं, माडाखालची सावली गाडीसाठी नसते.

14. कंपनीची काच यायला महिना लागतोय. बाहेरच्या काचवाल्याकडून बसवू का?

पुढच्या काचेसाठी मी बिनधास्त हो म्हणतो, सनरूफसाठी तीन अटींवर. काचेवर आयएसआयची खूण आणि तुमच्याच मॉडेलचा पार्ट नंबर हवा. बसवल्यावर सनरूफ ‘शिकवून’ द्यायला हवं, म्हणजे पूर्ण उघड-बंद करून मोटरला टोकं समजावणं. ते राहिलं तर बोट अडकल्यावर मागे सरकायची सोय चुकीच्या जागी काम करते. आणि छताचं आतलं कापड उतरवावं लागत असेल तर काम कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये. छताच्या दोन्ही कडांनी खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग जातात.

15. नवी काच बसली, पण 70 च्या पुढे शिट्टी वाजते आणि धुतल्यावर कोपऱ्यातून पाणी येतं.

दोन वेगळी दुखणी आहेत. शिट्टी उंचीची. काचेची पुढची कड छपराच्या पातळीत किंवा मिलिमीटरभर खाली, मागची कड पातळीत किंवा किंचित वर हवी. उलटं झालं की वारा पुढच्या कडेवर आपटतो. चार स्क्रू सैल करून नीट बसवता येते, काच बदलावी लागत नाही.

पाण्याचं मात्र बीडिंगवर खापर फोडू नका. बीडिंग सगळं पाणी अडवतच नाही. आत आलेलं पाणी चौकटीच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून खांबांच्या आतून खाली जातं. फुटलेल्या काचेचा चुरा त्या नळ्यांत बसला की पाणी तुंबून छताच्या कापडात उतरतं. पन्हळीत पेलाभर पाणी हळूहळू ओता, चाकांजवळ ठिबकलं पाहिजे. ठिबकलं नाही तर नळी तुंबली आहे. तार खुपसू नका, नळी आतच निसटते आणि मग छत उतरवावं लागतं.

16. काचेऐवजी पत्रा किंवा ॲक्रिलिक बसवता येईल का? आणि सनरूफ नसलेल्या गाडीला बाहेरून बसवलं तर?

दोन्हींना नको. ॲक्रिलिक ओरखडतं, फुटलं तर धारदार फुटतं. छप्पर कापून सनरूफ बसवणं हा गाडीच्या रचनेतला बदल आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो, आणि वॉरंटी-विम्याचं पुढे काय होणार ते सांगायला नको.

17. माझ्या गाडीला न उघडणारं काचेचं छप्पर आहे. वरचं सगळं लागू होतं का?

विंडसर ईव्हीच्या वरच्या मॉडेलसारखं? बहुतेक लागू. फरक एवढा की ही काच स्क्रूने नाही, गोंदाने बसते. गोंद सुकेपर्यंत गाडी हलवायची नाही. किती तास ते गोंदावर लिहिलेलं असतं, विचारा. पुढचे एक-दोन दिवस प्रेशरने धुवायची नाही आणि दार आपटताना एक खिडकी थोडी उघडी ठेवायची, नाहीतर आतल्या हवेचा धक्का ओल्या गोंदाला बसतो.

18. नारळाने काचेबरोबर छपरालाही पोचा पडला. रंगाच्या भट्टीत इलेक्ट्रिक गाडी चालते?

चालते, पण बॅटरी किती वेळ किती तापवायची याला मर्यादा असते, ती कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली असते. कोपऱ्यावरच्या डेंटिंगवाल्याकडे ती पुस्तिका नसते. अशा वेळी इलेक्ट्रिक गाड्या घेणारं वर्कशॉपच गाठा आणि भट्टीचं तापमान किती ठेवणार ते विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर गाडी परत न्या.

19. तीन महिने झाले, अजून काचेचे कण सापडतात. काही उपाय?

सीटच्या रुळांत, सीटबेल्टच्या बकलमध्ये, मुलांच्या सीटच्या घड्यांत शोधा. आधी व्हॅक्यूम, मग ओल्या कणकेचा गोळा दाबून दाबून. ही युक्ती माझ्या आईची, फुटलेल्या बरणीसाठीची. कणीक नंतर कागदात गुंडाळून टाका, गाईला घालू नका. मुलांच्या सीटचं कापड धुण्याआधी झटका. बकलमध्ये कचकच येत असेल तर मात्र कणीक पुरणार नाही, बकल बदला, कारण अपघातात तो सुटला तर काचेचा प्रश्न फार लहान वाटेल. आमच्या गाडीत परवा एक कण सापडला, चष्म्याच्या खणात. दोन वर्षांनी.